एकवीस मार्च

महाडच्या परिषदेच्या खर्चात पाण्याचे ४० रुपये होते. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात ही नोंद ओझरती येऊन जाते. वाचणाराही बहुधा तिच्यावरून पुढे सरकतो, कारण पुढच्या पानांत तळं आहे, ओंजळ आहे, इतिहास आहे. मला मात्र त्या चाळीस रुपयांपाशी थांबावंसं वाटतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरायची होती. माणसं हजारांनी येणार होती. गावात तळं भरलेलं होतं, आणि पाहुण्यांना प्यायला पाणी मात्र स्पृश्यांकडून विकत घ्यावं लागत होतं. मांडवाला किती, पंगतीला किती, पाण्याला किती, असा हिशेब कुणीतरी कंदिलाच्या उजेडात मांडला असेल. त्या वेळचे चाळीस रुपये ही काही किरकोळ रक्कम नव्हती. वर्गणी गोळा करणाऱ्यांना ती नक्की टोचली असणार.

२० मार्च २०२७ ला तळ्यावर भरलेल्या त्या ओंजळीला शंभर वर्षं होतील. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनालाही शंभर वर्षं होतील. त्या दिवसांत महाडात काय काय होईल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, गाणी, अन्नदानाचे मांडव, परिसंवाद, परदेशातून आलेले अभ्यासक, मंत्र्यांच्या गाड्या. पुण्यामुंबईहून अभ्याससहली निघतील. शाळा-कॉलेजांच्या बसेस येतील. आपणही जावं, चार जणांना घेऊन जावं, असं माझ्यासारखीला वाटू लागलं आहे. कॉलेजात शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मुलांना बसमध्ये घालून कुठेतरी नेण्याची खोड अजून गेलेली नाही. पण नेऊन काय करायचं, हा प्रश्न दर वेळी बसच्या मागोमाग येतो. अन्याय जिथे झाला, लढा जिथे झाला, तिथे दुसऱ्या कुणी जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पाहायचं, ऐकायचं, फोटो काढायचे, गहिवरायचं आणि परत यायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला त्या ‘परत यायचं’मध्येच दडलेलं दिसतं. आणि ते शोधायला महाडइतकी चांगली जागा दुसरी माहीत नाही.

आधी हे पाहायला हवं की महाडात १९२७ साली कायदा अस्पृश्यांच्या बाजूने होता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारी देखभालीतले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर तळं मोकळं झालं आणि तळ्याभोवतीची सवर्णांची घरं होती तिथेच राहिली. ठराव दप्तरात होता, तळं गावात होतं, आणि मधलं अंतर कुणी चालून गेलं नव्हतं. गुरांना तिथे पाणी पिता येत होतं, अन्य धर्मीयांना येत होतं. आपल्याकडे न्यायाच्या गोष्टी अनेकदा अशाच असतात. हक्क मिळालेला असतो, घ्यायला जायची हिंमत मिळालेली नसते.

ही हिंमत त्या पट्ट्यात एका दिवसात उगवली नाही. महाड, दासगाव, गोरेगाव या भागातली पुष्कळ महार घराणी पलटणीतली. पेन्शन घेऊन गावी परतलेल्या सुभेदार-जमादारांनी लिहायला-वाचायला शिकलेलं होतं आणि सरकारदरबारी अर्ज कसा करायचा तेही त्यांना ठाऊक होतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतूनच निवृत्त झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. त्याच मातीतल्या रामचंद्र बाबाजी मोरे नावाच्या विशीतल्या तरुणाने परिषदेसाठी धावपळ केली आणि बाबासाहेबांना महाडात आणलं. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. परिषदेच्या इतिहासात व्यासपीठावरची माणसं ठळक राहतात. मोऱ्यांसारखी माणसं तळटिपेत जातात. खरं तर मांडवाचा खांब कुठे रोवायचा हे त्यांनीच ठरवलेलं असतं.

आणि मग माणसं आली. महाराष्ट्राच्या जवळजवळ सगळ्या जिल्ह्यांतून आली, गुजरातेतून आली. कीर लिहितात, पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते, आणि शंभर मैलांहून जास्त वाट तुडवून, खांद्यावर भाकरीचं गाठोडं टाकून आलेलेही होते. घरून भाकरी आणता येते, पाणी नाही आणता येत, एवढाच काय तो प्रवासाचा अडसर. दुसऱ्या दिवशी ठराव झाले, भाषणं झाली, आणि अनंतराव चित्रे उठून म्हणाले की एक काम राहिलं आहे. बोले यांचा ठराव आहे, नगरपालिकेचा ठराव आहे, तर आता तळ्यावर जाऊ या. चार-चारांच्या ओळी करून, शिस्तीने, माणसं बाजारपेठेतून निघाली. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले, पाणी प्याले, आणि त्यांच्यामागे सगळे प्याले. बस, एवढंच. पुन्हा रांगेनेच मांडवात परत.

पुढचा भाग आपण सभांमधून घाईने सांगतो. तळ्यावरून परतलेली माणसं जेवायला बसली होती, काही गावी निघायची आवराआवर करत होती. तेवढ्यात गावात हूल उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवात घुसला. अन्न मातीत मिसळलं, भांडी फुटली. रस्त्यात एकटेदुकटे सापडले त्यांना मारलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. जखमींना पाहून संतापलेली माणसं बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत थांबली होती. त्यांनी शांत राहायला सांगितलं, आणि ती शांत राहिली. हाणामारी महाडातच संपली असती तरी पुरे होती. पण परिषदेला गेलेल्यांना त्यांच्या त्यांच्या गावात धडा शिकवा, असे निरोप खेडोपाडी सुटले.

मला दिसतो तो हा रस्ता. दिवस मावळायला आलेला, गाठोड्यातली भाकरी संपलेली, डोकं फुटलेलं, आणि पायाखाली घरची वाट. महाडात हजारो जण सोबत होते. नेता होता, ठराव होता, घोषणा होत्या. गावात पोहोचेपर्यंत चौघं उरणार, वेशीवर दोघं, आणि घराच्या दारात एकटा. तिथे पाटील, तिथे सावकार, तिथे ज्याच्या शेतावर उद्या कामाला जायचं तो मालक. निरोप त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचलेला. २० मार्चला तळ्यावर ओंजळ भरणं धाडसाचंच होतं, पण २१ मार्चला गावात शिरणं हे त्याहून मोठं धाडस. इतिहासाने २० तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली. २१ ची नोंद घरोघरी झाली असेल ती झाली असेल.

गावानेही आपली नोंद केली. १०८ घागरी पंचगव्य घालून तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला. म्हणून बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा महाडला जायचं ठरवलं. या दुसऱ्या प्रवासाचा तपशील मला पहिल्याइतकाच बोलका वाटतो. मोटारवाले ऐनवेळी बसवून घेतील याचा भरवसा नव्हता. म्हणून २४ डिसेंबरच्या सकाळी बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. रात्री हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी खाडीतून वर दासगाव. तिथे हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. दासगावहून महाडपर्यंतचे पाच मैल सगळे चालत गेले. महाडात मांडवाला कुणी हिंदू जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. विरोधकांनी मात्र आधीच कोर्टात जाऊन तळ्यावर तात्पुरती मनाई मिळवली होती.

त्या मांडवात बाबासाहेब बोलले ते १७८९ च्या फ्रान्सबद्दल, व्हर्सायला भरलेल्या सभेबद्दल. आता कोकणातल्या मांडवात, पाच मैल चालून आलेल्या माणसांना फ्रान्स कशाला, असं एखाद्या शहाण्याला वाटेल. पण तुमची सभा कुठल्या सभांच्या रांगेत बसते, हे त्यांना ऐकणाऱ्यांना सांगायचं होतं. तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नाही, मग तिथे जायचं कशाला, तर आपणही माणसं आहोत हे ठरवायला, अशा आशयाचं ते बोलले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. दहनाचा ठराव मांडणारे होते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. २७ तारखेला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं. लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून जात ओळखू येते, ती तऱ्हा टाका, असं सांगितलं, आणि बायकांनी ती लागलीच टाकली. घोट्यापर्यंत लुगडं नेसून गावात परत जाणं म्हणजे काय असतं, ते त्या बायकांनाच ठाऊक. त्यांचा सत्याग्रह परतीच्या वाटेवर सुरू झाला, आणि तो कुठल्याही कोर्टाला थांबवता येणार नव्हता.

तळ्याचा सत्याग्रह मात्र त्या वेळी तहकूब झाला. कोर्टाचा हुकूम पाळायचा असं ठरलं. हजारो सत्याग्रही तळ्याभोवतीच्या रस्त्यांवरून मिरवणुकीने गेले आणि पाण्याला हात न लावता परतले. मग दाव्याची दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना मनाई करण्याची प्राचीन वहिवाट फिर्यादींना सिद्ध करता आली नव्हती. दोन दिवसांच्या परिषदेचा शेवट असा दहा वर्षांनी झाला. आज परिषदेचा समारोप म्हणजे आभारप्रदर्शन आणि प्रमाणपत्रं. कुठल्या परिषदेने आपलं ‘राहिलेलं काम’ दहा वर्षं ओढलं, असं विचारलं तर बोटांवर मोजायचीही वेळ येत नाही.

आता या प्रवासातले सोबती पाहा. चित्रे कायस्थ. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, तेही कायस्थ. सहस्रबुद्धे ब्राह्मण. फत्तेखान मुसलमान. ज्या अन्यायाची झळ स्वतःला लागत नव्हती, त्याविरुद्ध ही माणसं उभी राहिली होती. ती चळवळीला पाहुणी म्हणून आली नव्हती. त्यांची घरं, त्यांची जात, त्यांचे सोयरे त्याच गावात किंवा त्याच समाजात होते. महार प्रतिनिधीला जसं गावात परत जायचं होतं, तसं टिपणिसांनाही शेजाऱ्यांच्याच डोळ्यांसमोरून घरी जायचं होतं. लाठीची भीती वेगळी आणि जातीत तोंड दाखवण्याची वेगळी, दोन्हींना एका तराजूत घालता येणार नाही. पण परतीची वाट त्यांनाही चुकली नव्हती, म्हणून त्यांचं जाणं खरं होतं.

दुसऱ्या सत्याग्रहापूर्वी आणखी एक प्रसंग घडला. ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, अट एकच: चळवळीत ब्राह्मण नकोत. त्या वेळी आंबेडकरांना पाठिंब्याची किती गरज होती हे सांगायला नको. तरी त्यांनी अट नाकारली. भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण माणसाशी नाही, ही त्यांची भूमिका होती. सोबत्यांच्या यादीवर कुणी काट मारू लागलं तर ज्याचा लढा आहे त्यानेच ‘थांबा’ म्हणायचं असतं, आणि बाहेरून येणाऱ्याने ते ऐकायचं असतं, एवढं यातून कळतं.

मुलांना घेऊन मी पुण्याहून जाते ती ताम्हिणी घाटाने. माणगाव ओलांडलं की मुंबई-गोवा रस्ता, जो वर्षानुवर्षं रुंद होतो आहे. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ लागतं, तेवढ्यापुरती दोघं-तिघं खिडकीबाहेर पाहतात. मग दासगाव येतं आणि जातं. कुणाला कळतही नाही. एकदा मी तिथे बस थांबवायला सांगितली आणि म्हटलं, उतरा. इथून चालत.

“किती, मॅडम?”

“पाच मैल.”

“म्हणजे?”

“म्हणजे आठ किलोमीटर.”

थोडी कुरकुर झाली. टोपी आणायला आधी सांगायला हवं होतं, असं एकीने ऐकवलं. रस्त्याच्या कडेने चालणं सोपं नव्हतं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे, धूळ दातांत कचकच करायची, आणि एका बाजूला सावित्रीचं पात्र मधूनच दिसायचं नि झाडीत बुडायचं. अर्ध्या वाटेवर चहाची टपरी लागली. चहा ओतता ओतता बाईने विचारलं, “कुठून आलात रे पोरांनो?”

“पुण्याहून, मावशी. महाडला चाललोय, चालत.”

“चालत? गाडी बंद पडली काय?”

पोरं हसली. एकाने तिला ‘पद्मावती’ बोटीपासून सगळी हकिगत सांगायला घेतली. बसमध्ये मी सांगितलेली, थोडी मागेपुढे करून. ती ऐकत राहिली, कप विसळत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “माझ्या सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं आहे ते. तेव्हा मोटारीवाले घेत नव्हते.” चहाचे पैसे तिने पुरते मोजून घेतले. सवलत दिली नाही, हे मला आवडलं. तिचा धंदा होता, आमची सहल होती.

महाडात तळ्यावर पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. दगडी बांधलेलं तळं, पायऱ्या, कठडा, बाबासाहेबांचा पुतळा, भोवती घरं नि दुकानं. पाणी हिरवट, त्यावर उन्हाचा तुकडा. गावात नळ आले आहेत. तळ्यावर घागर घेऊन येणारं आता कुणी दिसलं नाही. ज्या पाण्यासाठी डोकी फुटली ते पाणी आज प्यायला कुणालाच नको आहे, यावर एका मुलाने शेरा मारला, आणि तो वावगा नव्हता. एवढ्यात मराठवाड्याकडचं वाटावं असं एक कुटुंब आलं. म्हातारी सर्वांत पुढे. पायऱ्या एकेक करून उतरली, पदर खोचला, ओंजळ बुडवली, पाणी डोळ्यांना लावलं, एक घोट घेतला. नातवाला म्हणाली, “घे.” नातवाने मोबाइल खिशात ठेवला आणि घेतला. हिरवट पाण्याची चर्चा आमच्यात तिथेच थांबली.

आमच्यातल्याही काही मुलामुलींनी ओंजळ भरली. एक मुलगा कठड्याशीच उभा राहिला. परतताना तो माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि घाट चढेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “मॅडम, मी पाणी घेतलं असतं तर ते नाटक झालं असतं. आमच्या मळ्यात विहीर आहे. मळ्यातल्या बायकांना आई अजून वरून पाणी ओतते.” मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतंही काय! तो अन्याय पाहायला म्हणून निघाला होता आणि त्याला स्वतःच्या घरची विहीर दिसली होती.

दूर जाऊन माणसाला स्वतःचीच ओळख नव्याने होते, याचं एक मोठं उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांचं. १९५९ साली ते सुमारे महिनाभर भारतात होते, गांधींचा देश पाहायला आलेले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतले एक अस्पृश्य म्हणून. शाळेतली बरीच मुलं पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य घरांतली होती. किंग आधी दचकले, त्यांना ते लागलंही. मग आपल्या देशातल्या कोंडलेल्या वस्त्या, बंद शाळा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या आणि त्यांनी मनाशी कबूल केलं की हो, मी अस्पृश्यच आहे. ही हकिगत त्यांनी पुढे स्वतःच एका प्रवचनात सांगितली. सन्मानाचा पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला परक्या शाळेत आपलं नाव मिळालं, आणि ते घेऊन तो आपल्या लढ्यात परत गेला. असं नाव प्रत्येकाला मिळतं. कुणाला अस्पृश्य हे मिळतं, कुणाला विहिरीचा मालक हे मिळतं. दुसरं घेऊन घरी जाणं अवघड, आणि आमच्यासारख्या पुष्कळांच्या वाट्याला तेच येतं.

कधी कधी प्रवास न करताही हात पोहोचतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. फुले अमेरिकेला कधी गेले नव्हते. १९७२ साली मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा तिला अमेरिकेतल्या पँथरांचं नाव दिलं, तेही काही ओकलंडला जाऊन आले नव्हते. आणि प्रवास करूनही हात पोहोचत नाही, असंही होतं. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावच्या नेस्को मैदानावर वर्ल्ड सोशल फोरम भरला होता, तो मला चांगला आठवतो. ब्राझीलहून आलेले, कोरियाहून ढोल घेऊन आलेले, विदर्भातून जेमतेम तिकिटाचे पैसे जमवून आलेले, सगळे एका धुळीत चालत होते. दुसरं जग शक्य आहे असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, मलाही. हजारो माणसांनी एकमेकांचे पत्ते घेतले. त्या पत्त्यांचं पुढे काय झालं, हे विचारलं की बहुतेक जण हसतात. तेव्हापासून मी कितीतरी परिषदा पाहिल्या, ज्यांत गळ्यात बिल्ला असतो, हातात कापडी पिशवी असते, समोर पाण्याची सीलबंद बाटली असते, आणि परतीचं विमान गाठायचं म्हणून शेवटच्या सत्रात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्यांत चांगली माणसं असतात, चांगले निबंध वाचले जातात. पण तिथून घरी जाताना कुणाला भीती वाटलेली मला दिसलेली नाही.

भीती वाटलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. एवढंच म्हणायचं आहे की ज्या प्रवासाने आपल्या घरच्या, गल्लीतल्या, ऑफिसातल्या एकाही माणसाला आपल्याशी वागणं अवघड झालं नाही, तो प्रवास सहलीच्या खात्यात मांडावा. सहल वाईट नसते. तिचं नाव बदलू नये.

बाबा आढावांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम काढली, तेव्हा पायपीट करून त्यांनी काय केलं? गावोगाव जाऊन विचारलं: पाणवठे किती, कोण कुठे भरतं? कायदा होऊन, संविधान होऊन, महाड होऊन दशकं उलटली होती आणि गावोगाव वेगळे पाणवठे सापडत होते. साधा प्रश्न होता, पण तो विचारायला गावात उभं राहावं लागत होतं. माझ्या मुलांना मी हाच प्रश्न दिला. महाडवर अहवाल लिहू नका, तो लिहिलेला आहे. आपल्या गावाचा किंवा वस्तीचा नकाशा काढा. पाणी कोण कुठे भरतं, स्मशानं किती, देवळाच्या ओट्यावर कोण बसतं, सोसायटीत लिफ्ट कुणाला वापरू देत नाहीत, घरकाम करणाऱ्या बाईंचा कप वेगळा आहे का. काहींनी कोरे कागद परत दिले. शहरातल्या दोघींनी लिफ्टचं आणि कपाचं मन लावून लिहिलं. विहिरीच्या मुलाने नकाशा दिला, त्यात दोन स्मशानं होती, विहिरीपाशी काही लिहिलेलं नव्हतं, आणि गावाचं नाव खोडलेलं होतं. “वडील म्हणाले, देऊ नको,” एवढंच तो म्हणाला. तरी त्याने दिला. पुढे विहिरीचं काय झालं, ते मी त्याला विचारलेलं नाही. तो हिशेब त्याच्या आईशी आहे, माझ्याशी नाही.

२०२७ साली २० मार्चला शनिवार येतो. २१ ला रविवार. सुट्टी जोडून येत असल्याने गर्दी होईल, राहायच्या जागा मिळणार नाहीत, वीर स्टेशनवर उतरून रिक्षा मिळायला तास लागेल. आमच्या बसची यादी आत्तापासून सुरू आहे. नाव, वय, फोन या रकान्यांना मी एक रकाना जोडला आहे: २१ तारखेला तुम्ही कुठे असाल आणि कुणाशी बोलाल. शनिवारी रात्रीच बस परत निघणार आहे. मुक्काम ठेवलेला नाही. रविवारी सकाळी ज्याने त्याने आपापल्या घरी असायचं आहे. रकाना कोरा ठेवणाऱ्याला मी नेणार नाही असं नाही. पण त्याला खिडकीची सीट मिळणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं आहे.